ग्वाल्हेरमधील यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण

कोकणात ‘पडाव’ म्हटले की मालाची होडी आठवते. ग्वाल्हेरचा पडाव मात्र रेल्वे स्थानक आणि फूलबाग यांच्या लगतची गजबजलेली वस्ती आहे, आणि तिथे या शब्दाचा अर्थ मुक्काम, तळ असा आहे. झाशीच्या राणीची समाधी येथून हाकेच्या अंतरावर आहे. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये दिलेल्या छावणीतून उभ्या राहिलेल्या लष्कर भागात आजही मराठी घरे आहेत. वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस ग्वाल्हेरला थांबते, त्यामुळे गोमंतकीय विद्यार्थ्याला हे शहर वाटते तितके परके नाही.

शहरातील जुने अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजे गोला का मंदिर परिसरातील माधव तंत्रज्ञान व विज्ञान संस्था. जिवाजीराव शिंदे यांनी ती 1957 मध्ये स्थापन केली आणि वडील माधवराव यांचे नाव तिला दिले. स्थापत्य, विद्युत आणि यंत्र या तीन शाखांनी तिचा प्रारंभ झाला. 2002 मध्ये तिला स्वायत्तता मिळाली, तर 2024 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा. गोव्याचे फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1967 चे, म्हणजे दहा वर्षांनी धाकटे.

माधवरावांना यंत्रांचे वेड होते. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर पाहुण्यांपुढे मद्य व सिगार फिरवणारी चांदीची छोटी आगगाडी पर्यटक आवर्जून पाहतात. पण त्यांच्या राज्यातील अवघ्या 610 मिलिमीटर रुंदीच्या रुळांची खरी रेल्वे अधिक मोलाची. तिचा ग्वाल्हेर ते श्योपूर हा सुमारे दोनशे किलोमीटरचा मार्ग 2020 पर्यंत चालू होता.

चार वर्षांच्या, आठ सत्रांच्या या पदवीचे पहिले वर्ष गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी आरेखन आणि कर्मशाळेत जाते. कानस धरून लोखंडाचा तुकडा काटकोनात आणताना अनेकांचा धीर सुटतो. दुसऱ्या वर्षी उष्मागतिकी, पदार्थबल, द्रवयांत्रिकी येतात. नापास होण्याचे प्रमाण बहुधा येथेच वाढते, कारण बारावीपर्यंतचे पाठांतर येथे कामाला येत नाही. तिसऱ्या वर्षी यंत्ररचना व उष्णता संक्रमण, आणि अखेरीस प्रकल्प व कारखान्यातील प्रशिक्षण.

पुस्तकातला विषय कारखान्यात कसा उतरतो, हे ग्वाल्हेरनजीकच्या सिथौली येथे दिसते. तेथील रेल्वेच्या कारखान्यात डब्यांना लागणाऱ्या स्प्रिंग तयार होतात. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, आणि वेटोळ्याच्या व्यासाच्या घनाशी त्याचे प्रमाण व्यस्त असते. म्हणजे बाकी सर्व तेच ठेवून तार दुप्पट जाड केली, तर स्प्रिंग सोळा पट ताठर होते. हे सूत्र वहीत दोन ओळींचे असते, पण डबा रुळांच्या सांध्यावर आदळतो तेव्हा तारेवर येणारा भार पिळाचा असतो. हा पिळ ज्याला कळला, त्याला सूत्र घोकावे लागत नाही. उष्णतोपचार नीट झाला नाही, तर हीच स्प्रिंग वारंवारच्या भाराने अकाली तुटू शकते.

आज बारावीनंतर अनेक घरांत संगणक शाखेचीच मागणी असते आणि यंत्र शाखा दुसऱ्या पसंतीला ढकलली जाते. हा निर्णय केवळ सुरुवातीच्या वेतनाकडे पाहून घेणे घाईचे आहे. जहाजबांधणी, औषधनिर्मिती, वीज आणि वाहन उद्योगांत यंत्र अभियंता लागतोच. गोव्यातील गोदी आणि औषध कारखान्यांनाही तो हवा असतो. मात्र संगणकावरील आरेखन आणि स्वयंचलन यांची जोड नसेल, तर केवळ पदवीवर पहिली नोकरी मिळवणे कठीण जाते, हेही तितकेच खरे.

प्रवेशासाठी जेईई मेनचे गुण महत्त्वाचे असतात. ही परीक्षा 2021 पासून मराठीतही देता येते. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय असते. बाहेरच्या राज्यातील विद्यार्थ्याने अधिवासाची अट, शाखानिहाय जागा व वसतिगृहाची उपलब्धता त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच अर्ज भरावा.