नागोयाचा बाजा, उरणची हळद

लग्नसराईत उरण तालुक्यात करंजा, मोरा, जासई, चिरनेर, कुठेही जा. हळदीच्या रात्री मांडवाबाहेर बँजो पार्टी असतेच. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल-ताशे आणि या सगळ्यांवर चढणारा, वायर जोडलेला बँजो. संगीत कंपनीशी करार नाही, चाहते मात्र यूट्यूबवर. उरणचा स्वतंत्र रॉक बँड शोधायचा तर माझ्या मते तो इथेच सापडतो.

या बाजाचं अमेरिकी बँजोशी नातं नावापुरतंच. त्याचं कूळ जपानी. 1912 साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ बनवला. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या आणि डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की तार नेमक्या जागी दबते, उजव्या हातातल्या नखीने ती छेडायची. स्वराची जागा कानाने शोधायला नको, म्हणून हार्मोनियमवर बोटं फिरलेल्याला तो फारसा शिकवावा लागत नाही. हलकं, स्वस्त वाद्य. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते समुद्रापार गेलं. बलुचिस्तानात त्याचा बेंजू झाला, मोम्बासाच्या तारब संगीतात ते रुळलं, आपल्याकडे बुलबुल तरंग म्हणून घराघरांत शिरलं. तिन्ही ठिकाणं एकाच समुद्राच्या काठची, हे मला योगायोग वाटत नाही.

घरातल्या बुलबुल तरंगाचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतही धड पोचत नसे. मिरवणुकीत ताशापुढे त्याचं काय चालणार? म्हणून त्याला गिटारीसारखा पिकअप बसला, पुढे अँप्लिफायर आला आणि भिडस्त वाद्य एकदम दांडगट झालं.

इथल्या आगरी समाजाच्या लग्नाला गाणं काही बँजोने दिलेलं नाही. मांडवाच्या आत धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, विधी तिच्याच गाण्यावर पुढे सरकतात. हा गीतप्रकार किती जुना, तर महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात गोविंदप्रभूंच्या लग्नासाठी धवळे रचले होते. आज धवलारीण शोधावी लागते. बँजोवाल्याचा नंबर मात्र प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतो. दोष बँजोचा नव्हे, पण ही अदलाबदल मला खटकते.

बँजोवाल्यांना सोवळंओवळं नाही. शांता शेळके-हृदयनाथ मंगेशकरांचं ‘मी डोलकर’, वेसावकर मंडळींनी कॅसेटवर गाजवलेली कोळीगीतं, प्रवीण कोळी-योगिता कोळी यांचं यूट्यूबवर उसळलेलं ‘गोव्याच्या किनाऱ्याव’, सगळं एकाच दमात. कॅसेटच्या काळात कोण ऐकलं जाणार हे कंपनी ठरवायची. आता हळदीत नाचणाराच मोबाइल वर धरतो, सकाळपर्यंत क्लिप गावोगाव फिरते आणि ती बघून पुढची सुपारी येते. श्रोते आधी मांडवात जमले, इंटरनेटवर नंतर. शहरी बँडांची वाट बहुधा उलटी असते.

2016 साली रवी जाधवांचा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट आला. त्यात मुंबईतल्या बँजोवाल्याची कदर करायला न्यूयॉर्कहून बाई यावी लागते! उरणच्या वऱ्हाडाला हसू आलं असेल.

यूट्यूबवरची क्लिप हजारो लोकांनी पाहिली तरी त्यातून पैसा येईलच असं नाही. धून सिनेमातली असली की तिच्या मालकीचा दावा कंपनी करते आणि जाहिरातीचं उत्पन्न तिकडे वळतं. म्हणून क्लिपखाली पार्टीचा फोन नंबर ठळक असतो. कमाई अजून सुपारीचीच, विसार घेऊन तारीख पक्की करायची.