मुंबईतील प्लेगाचे निदान आणि प्रयोगशाळा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तीव्र ताप येऊन गाठी उठलेल्या रुग्णांस तपासून डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असल्याचे सांगितले. निदान लक्षणांवरून केलेले होते. म्हणून ते नाकारता येत होते, आणि व्यापारी शहराला ते नाकारावेसे वाटणे स्वाभाविकच होते. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे या रोगाचा जंतू सापडला नसता, तर हा वाद मतामतांचाच राहिला असता.

ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन कलकत्त्याहून आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत कामास लागले. गाठीतील द्रव सुईने काढून काचपट्टीवर पसरावयाचा, तो रंगवावयाचा आणि दोन्ही टोकांशी गडद, मध्ये फिकट असा आखूड दंडाणू सूक्ष्मदर्शकाखाली शोधावयाचा, ही पहिली पायरी. परंतु इतरही काही जंतू असाच रंग घेतात. तेव्हा जंतूंची वाढ करून पाहणे भाग होते. येथे हाफकिन यांची युक्ती लक्षणीय आहे. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत सोडून पात्र निश्चल ठेवले असता प्लेगाचे जंतू त्या थेंबांना धरून, गुहेच्या छतास चुन्याचे सुळके लोंबावेत तसे, खाली वाढत. पात्र जरा हलले की ते तुटून तळाशी जात. ही वाढ ते जंतूची खूण मानीत. आणि तेच जंतू उष्णतेने मारून त्यांनी लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतली. निदान व प्रतिबंध एकाच पात्रातून निघावेत, हे विरळाच.

प्रयोगशाळेबाहेर मात्र स्थिती निराळी होती. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वेप्रवाशांच्या तपासणीचा अधिकार सरकारास मिळाला. शहर सोडून उत्तरेस जाणाऱ्यांची वाट वसई-विरारवरून होती, आणि उत्तर कोकणात हिवताप नित्याचाच. अशा तपासणीत तापलेले अंग आणि हाताला लागणारी गाठ, एवढाच पुरावा. साध्या तापाचा माणूसही संशयित ठरावयाचा. वस्तुतः हिवतापाचा परोपजीवी लाव्हरां यांनी १८८० मध्येच रक्तात पाहिला होता. ज्ञानाची उणीव नव्हती. रक्ताच्या थेंबापर्यंत सूक्ष्मदर्शक नेण्याची व्यवस्था नव्हती.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९०६ मध्ये तिच्या नावातून प्लेग हा शब्द गळला आणि ती मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा झाली. हाफकिन यांचे नाव तिला लाभले ते १९२५ मध्ये.