परागंदा रयत

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षे संसद न बोलावताच राज्य केले. त्याच्या विरोधकांपाशी निदान संसदेची आठवण तरी होती. कावेरीकाठच्या मराठी राज्यात राजाला जाब विचारणारी सभाच नव्हती. राजा आणि त्याचा सरखेल म्हणजेच राज्य. म्हणून तेथे विरोध झालाच नाही, असे मात्र नव्हे.

तंजावरच्या उत्तरेस तिरुवैयारु आहे. पाच नद्यांवरून पडलेले हे नाव. पंचनदीश्वराच्या देवळाभोवतीचा मुलूख भाताचा आणि कालव्यांचा. पाणी सुटले की नांगरणी, चिखलणी, लावणी नेमक्या दिवसांत उरकावी लागे. ते दिवस हुकले तर हंगाम हातचा गेला. राजाचा वसूल पिकातील वाट्यावर अवलंबून असल्याने शेत ओस पडले की खजिनाही ओस पडे.

१७७३ ते १७७६ या काळात अर्काटच्या नबाबाने हे राज्य बळकावले होते. ते परत मिळते न मिळते तोच १७८१ साली हैदर अलीच्या स्वारीने मुलूख उजाड केला. मुलगा, मुलगी व नातू गमावलेल्या तुळजाजींनी कारभारातून मन काढून घेतले आणि सरखेल बाबाच्या हाती सारे सोपविले. त्याच्या वसुलीला धरबंध राहिला नाही. तेव्हा रयतेने अर्जविनंत्यांचा मार्ग सोडून गावेच सोडली. पासष्ट हजार माणसे निघून गेल्याचे बोलले जात होते, असे तंजावरात राहणाऱ्या श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याने लिहून ठेवले आहे.

परागंदा रयतेस कौल देऊन परत आणणे ही मराठी कारभाराची जुनी रीत. पण कौलाला किंमत असते ती देणाऱ्याच्या शब्दामुळे, आणि तुळजाजींच्या शब्दावर आता कोणीही विश्वास ठेवीना. अखेर राजाच्या संमतीने श्वार्ट्झने स्वतः हमी दिली. एका दिवसात सात हजार माणसे परतली. लावणीची वेळ टळत आली होती. तरीही त्यांनी रात्रंदिवस राबून पीक उभे केले आणि ते मागील वर्षाहून अधिक आले. आपल्याच प्रजेला परत बोलावण्यासाठी राजाला परक्या पाद्र्याचा जामीन लागावा, याहून कठोर निषेध कोणत्या सभेने केला असता?

कंपनीने मात्र यातून आपला अर्थ काढला. १७८७ साली तुळजाजी वारले, वारसाचा तंटा लांबला आणि २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजींकडे तंजावरचा किल्ला व आसपासचा थोडा प्रदेश एवढाच उरला. राज्याच्या वसुलाचा पाचवा हिस्सा आणि एक लाख होनांची नेमणूक त्यांना कंपनीकडून मिळू लागली.