तो, ती आणि ‘वह’ : भूम परिसरातील इंग्रजी अध्यापनाविषयी एक टिपण

इंग्रजी सर्वनामे व विशेषणे यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या हातून ज्या चुका होतात, त्या बहुधा अनवधानाच्या सदरात टाकल्या जातात. परंतु चुकीलाही इतिहास असतो, हे भूमसारख्या स्थळाचा विचार करताना ध्यानात येते.

भूम हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. जवळचीच बार्शी मात्र मुंबई इलाख्यात मोडत असे. इलाख्यात मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये व दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये सिद्ध झाले होते. त्यामुळे मराठी व इंग्रजी शेजारी ठेवून पाहण्याची परंपरा तेथे लवकर रुजली. संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. मराठी घरातील विद्यार्थ्याला इंग्रजीकडे जाताना उर्दूचा वळसा पडे.

या वळशाचा परिणाम सर्वनामांत स्पष्ट दिसावा. मराठीत ‘तो’ व ‘ती’, ‘त्याचा’ व ‘तिचा’ असा स्वामीच्या लिंगानुसार भेद आहे. इंग्रजी ‘ही’ व ‘शी’, ‘हिज’ व ‘हर’ यांत तोच भेद होय. उर्दूचे ‘वह’ व ‘उसका’ हा भेद मुळीच दाखवीत नाहीत. ‘उसका’चे ‘उसकी’ होते ते वस्तूच्या लिंगामुळे. म्हणजे जे साधन मातृभाषेने विद्यार्थ्याच्या हाती आधीच दिले होते, तेच माध्यमभाषेने झाकले जाई.

तथापि सर्व दोष उर्दूच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. ‘गुरुजी आले, ते बसले’ या वाक्यातील आदरार्थी ‘ते’ पाहून विद्यार्थी एकाच व्यक्तीस ‘दे’ म्हणतो, ही चूक मराठीचीच. ‘त्याने आपले पुस्तक घेतले’ व ‘त्याने त्याचे पुस्तक घेतले’ हा भेदही इंग्रजीच्या एकट्या ‘हिज’मध्ये लोपतो. परिमाणवाचकांची गोष्ट अशीच आहे. ‘थोडेच लोक आले’ यातील उणिवेचा भाव मराठी ‘च’ने दाखविते, इंग्रजीत तोच भाव ‘फ्यू’ने येतो, आणि त्यामागे ‘अ’ जोडताच अर्थ ‘काही लोक आले’ असा होतो. मराठीत उपपद नसल्याने हे एकाक्षरी ‘अ’ विद्यार्थ्याच्या नजरेतून सहज निसटते.

१९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६० मध्ये हा प्रदेश महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. उर्दूचा वळसा संपला, तरी ‘ते’ आणि ‘च’ यांचे प्रश्न उरलेच. म्हणून चुकीवर तांबडी रेघ ओढण्यापूर्वी ती कोणत्या भाषेच्या वाटेने आली, याचा शोध अध्यापकाने घ्यावा. कारण दोन्ही प्रकारच्या चुकांवर उपाय एकच नाही. पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याला त्याच्याच मराठीची आठवण द्यावी लागते, दुसऱ्यात तिच्यापासून सावध करावे लागते.