गाजर, नागपूर आणि फिकी स्क्रीन

आजच्या गोष्टीची सुरुवात होते गाजरापासून. साल 1888, शहर प्राग. फ्रीडरिख राइनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवत होता. 145.5 अंश सेल्सिअसला तो वितळला, पण गढूळ झाला, 178.5 अंशांना एकदम नितळ. एकाच पदार्थाचे दोन वितळबिंदू कसे? त्याने ओटो लेमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला पत्र लिहून विचारलं. लेमानने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तो पदार्थ वाहत होता पाण्यासारखा आणि प्रकाशाशी वागत होता स्फटिकासारखा. हाच द्रवस्फटिक. पुढची ऐंशी वर्षं तो बहुतेक प्रयोगशाळेतली गंमत म्हणूनच राहिला.

1968 साली अमेरिकेच्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांनी त्याचा पहिला पडदा जगाला दाखवला. तिथल्याच वोल्फगांग हेलफ्रिख यांच्या डोक्यात याहून चांगली कल्पना होती, पण कंपनीला तिच्यात रस नव्हता. ते स्वित्झर्लंडला गेले आणि मार्टिन शाड्ट यांच्याबरोबर 4 डिसेंबर 1970 रोजी पेटंटचा अर्ज केला. हीच ती टीएन स्क्रीन.

तिची रचना समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचे लांबट रेणू जिन्यासारखे नव्वद अंशांत वळलेले असतात. प्रकाश त्या वळणाबरोबर वळतो आणि बाहेर पडतो. विजेचा दाब दिला की जिना सरळ होतो, प्रकाश अडतो. कमी वीज, कमी खर्च. घड्याळं आणि कॅल्क्युलेटर याच्यावरच चालले. पण अर्धवट उभे राहिलेले रेणू समोरून एक दिसतात आणि बाजूने दुसरेच. म्हणून मान जरा हलवली की चेहरा काळवंडतो, खालून पाहिलं तर रंगच उलटे होतात.

आता जबलपूरला येऊ. बडा फुहारा म्हणजे जुन्या शहरातला गजबजलेला बाजार. जवळच 1939च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभं केलेलं कमानिया गेट. या भागात माझ्या एका मित्राचं साड्यांचं दुकान आहे. घरी मराठी, गल्ल्यावर हिंदी. तो नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांना साड्यांचे फोटो पाठवतो. नवा लॅपटॉप घेतला आणि साड्या परत यायला लागल्या. "अरे, डाळिंबी पाठवली तर म्हणतात फोटोत भडक लाल होती!"

कारण उघड होतं. त्याच्या स्क्रीनवर डाळिंबी विटकरी दिसायची, म्हणून तो फोटोतला रंग चढवायचा. गिऱ्हाइकाच्या चांगल्या मोबाइलवर तोच रंग भडकायचा. लग्नसराई तोंडावर, आणि प्रत्येक परतीचं कुरिअर त्याच्याच खिशातून.

आम्ही आधी फुकटचे उपाय केले. बॅटरी वाचवण्यासाठी रंग आणि उजेड आपोआप कमी करणारं सेटिंग बंद केलं, रात्रीचा पिवळा प्रकाश बंद केला, रिझोल्यूशन स्क्रीनच्या मूळ मापावर आणलं. उजेड सुधारला, डाळिंबी विटकरीच. मग स्क्रीन मागेपुढे कलवून पाहिली. रंग उलटले नाहीत. म्हणजे टीएन नव्हतीच, आयपीएस होती!

इथे दोन वेगळे दोष लोक एकत्र करतात. बाजूने पाहण्याचा दोष रेणूंचा. त्यावर 1996 साली हिताचीने आयपीएस बाजारात आणली. तिच्यात रेणू उभे न राहता काचेला समांतर फिरतात. दुसराही एक उपाय निघाला, आणि त्याचं मूळ भारतात आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. 1951 साली नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झाले, तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. 1977 साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लांबट काड्यांचेच नव्हे, चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात. 1990च्या दशकात फुजीफिल्मने अशाच चकत्यांचा पातळ पापुद्रा टीएनवर बसवून तिचा बाजूचा दोष बराच झाकला. आपल्याकडे हे नाव शाळेच्या पुस्तकातही भेटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मित्राचा दोष मात्र दुसरा होता. रंग ठरतो मागचा दिवा आणि लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांवर. गाळणी फिकी ठेवली की प्रकाश जास्त सुटतो, दिवा मंद चालतो, बॅटरी टिकते आणि पैसेही वाचतात. त्याच्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत "45 टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं होतं. एनटीएससी हे 1953चं अमेरिकन रंगीत टीव्हीचं माप. आजच्या फोटोंचं एसआरजीबी हे माप त्याच्या 72 टक्के भरतं. म्हणजे फोटोतल्या रंगांच्या पट्ट्यातला साधारण 62 टक्केच भाग ही स्क्रीन दाखवू शकते. कुठल्याही सेटिंगने उरलेला येणार नाही.

दुकानदाराने परत घेतला नाही. लिहिल्याप्रमाणेच माल आहे म्हणाला, आणि ते खरंही होतं. शेवटी मित्राने "100 टक्के एसआरजीबी" लिहिलेला एक साधा मॉनिटर घेतला आणि एचडीएमआय केबलने जोडला. लॅपटॉपवर हिशेब, मॉनिटरवर फोटो. डाळिंबी साडी दिवसाच्या उजेडात मॉनिटरशेजारी धरून आम्ही जुळवली, आणि रंग चढवायची त्याची सवय मोडायला मात्र आठवडा गेला.