वाईच्या पाठशाळेतील तर्कशास्त्र

कृष्णाकाठच्या वाईत शास्त्राध्ययनाची परंपरा जुनी. तेथील प्राज्ञपाठशाळेचे गुरू नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच संन्यासानंतरचे केवलानंद सरस्वती. लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्यांचे शिष्य. १९२३ साली कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी त्यांनी मिळविली. अशा पंडिताचे आयुष्य पोथ्यांत आणि वादसभांत सरले असते, तरी कोणास आश्चर्य वाटले नसते.

परंतु काळाने निराळाच प्रश्न पुढे टाकला. १९३२ च्या पुणे करारानंतर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा वाद पेटला, आणि येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसमोर शास्त्रीमंडळींच्या चर्चा झडू लागल्या. सनातन्यांच्या हाती स्मृतिवचने होती. लक्ष्मणशास्त्र्यांच्या हाती मीमांसा होती. कोणते वाक्य आज्ञा करते आणि कोणते केवळ स्तुती, श्रुती व स्मृती यांचा विरोध आल्यास प्रमाण कोणते, हे ठरविण्याचे ते शास्त्र. यज्ञात तांदूळ घ्यावे की जव, असल्या वादांवर घासून धार आणलेली ही हत्यारे माणसाला देवळाच्या पायरीवर अडवावे की नाही, या वादात उपयोगी पडावीत, हे त्या शास्त्राचे भाग्यच म्हणावयाचे!

१६ जून १९३३ रोजी पुण्यातील ‘पर्णकुटी’त देवदास गांधी व राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. रूढ धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा निषिद्ध प्रतिलोम विवाह. पौरोहित्य मात्र केले ते वाईच्या याच शास्त्र्यांनी.

तरीही एक प्रश्न उरतोच. शास्त्राची अनुमती मिळाली म्हणून अन्याय सोडावयाचा, तर ती न मिळाल्यास काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, न झालेल्या आपल्या लाहोरच्या भाषणात, नेमके येथेच बोट ठेवले: जातिभेदाचे मूळ शास्त्रप्रामाण्यावरील श्रद्धेत आहे, वचनांचे अर्थ बदलून ते उखडणार नाही. हा आक्षेप वाईच्या मार्गाच्या मुळावरच येणारा होता, आणि त्यात तथ्य होते.

लक्ष्मणशास्त्रीही जुन्या जागी थांबले नाहीत. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांशी त्यांचा निकट संबंध आला, आणि ‘हिंदुधर्माची समीक्षा’ या ग्रंथात त्यांनी धर्मालाच चिकित्सेच्या कक्षेत आणले. वचनाचा अर्थ लावण्यापासून वचनाच्या अधिकाराचीच तपासणी करण्यापर्यंतचा हा प्रवास अवघ्या दशकभरातला. गंमत अशी की, त्याच काळात, त्याच वाईत, त्यांच्याच संपादनाखाली धर्मशास्त्रातील वचने विषयवार संकलित करणारा ‘धर्मकोश’ तयार होत होता. त्याच्या पहिल्या, व्यवहारकांडाचे प्रकाशन १९३७ साली सुरू झाले.