माकडताप : एका रानगोचिडीचा माग

१/ कुत्र्याच्या कानामागे चिकटलेली गोचीड आपण सहज ओढून काढतो. तिच्याच कुळातील एका रानगोचिडीने एकेकाळी पुण्याच्या शास्त्रज्ञांना कर्नाटकाचे जंगल पिंजून काढावयास लावले. त्याचा हा इतिहास.

२/ मार्च १९५७. तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्हा, क्यासनूरचे जंगल. वानर व लाल तोंडाची माकडे मरून पडू लागली. भोवतालच्या गावांतही माणसे तीव्र तापाने आणि रक्तस्रावाने दगावू लागली. दक्षिण अमेरिकेत माकडांचे असे मरण म्हणजे पीतज्वराची चाहूल. भारतात तो कधीच आलेला नव्हता. म्हणूनच धास्ती मोठी होती.

३/ भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले होते. तेथील टेलफर्ड वर्क, हॅरोल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे भारतीय सहकारी तपासाला लागले. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. हा पीतज्वर नव्हता. रशियातील गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा हा आप्त होता.

४/ शोधाची पद्धत साधी, पण जोखमीची होती. जंगलातील पाचोळ्यावरून कापड ओढायचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी जातीनुसार निवडायच्या, वाटून त्यांचा अर्क उंदरांच्या पिलांना टोचायचा आणि वाट पाहायची. मुख्य वाहक ठरली ‘हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा’.

५/ मग प्रश्न उरला : रशियाचा हा आप्त येथे आला कसा? संशय सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांवर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घातली. पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी पुष्कळ ज्ञान हाती आले. पक्ष्यांवरील आरोप मात्र सिद्ध झाला नाही.

६/ साथीचे कारण जवळच असावे, असे होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये मांडले. शेतीसाठी जंगल तुटले, त्याच्या कडेला गुरे चरू लागली. गुरांना हा आजार होत नाही. पण त्यांच्या रक्तावर प्रौढ गोचिडी पोसतात. त्यांची संख्या वाढली, आणि जंगलात पूर्वीपासून दबून असलेला विषाणू माणसापर्यंत पोहोचला.

७/ आणि माकड? ते तर पहिले बळी. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी भोवती विखुरतात आणि ती जागा धोक्याची होते. आपण मात्र रोगाला नावच ‘माकडताप’ दिले.

८/ २०१६ च्या सुमारास हा ताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी तालुक्यात पसरला. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ बसली.

९/ रोगाचा इतिहास लिहिताना आपण परका आरोपी शोधतो : कधी पक्षी, कधी माकड. क्यासनूरचे दप्तर मात्र कुऱ्हाड आणि कुरण यांच्याकडे बोट दाखवते. रानात मेलेले माकड दिसले, तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. जाता जाता ते आपल्याला सावध करून गेलेले असते.